ताम्हिणी बंद हाय

माझं काम नेमकं काय, हे मला घरात कधीच नीट सांगता आलं नाही. नांदे गावात आमचं घर आहे, मागच्या बाजूला भाड्याच्या खोल्या आहेत, आणि त्या खोल्यांतली निम्मी माणसं माझ्यासारखीच हिंजवडीला जातात. त्यांचं काम वडिलांना कळतं. कोणी बँकेचं ॲप करतो, कोणी गाड्यांच्या कंपनीचं काहीतरी. माझ्यापाशी आले की ते अडतात. "तू दिवसभर कुलपंच उघडत बसतोस का?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं. मी चिडलो. पण त्यात खोटं काही नव्हतं.

सोपं करून सांगतो. पूर्वी एक संगणक म्हणजे एक डबा असे. आता एका दणकट मशीनच्या पोटात कितीतरी संगणक चालतात. त्यांना डबा नसतो, तार नसते, ते सगळे फाईलींच्या रूपात असतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. अशी दणकट मशीनं आमच्याकडे चार होती आणि चौघांचं कोठार एकच होतं, सामाईक. एक मशीन पडलं तर त्याच्या पोटातला संगणक दुसऱ्यानं उचलावा आणि काम पुढं चालू ठेवावं, यासाठी ही सोय. पण सामाईक म्हटलं की कटकट आलीच. एकच फाईल दोघांनी एका वेळी लिहायला घेतली तर तिचा चिखल होतो. म्हणून फाईल उघडणारा तिच्याशेजारी कुलपाची एक बारीकशी फाईल ठेवतो. तिच्यात स्वतःची ओळख लिहितो आणि थोड्या थोड्या वेळानं तिला हात लावून जातो. मी इथं आहे, मी चालू आहे, एवढंच त्याला सांगायचं असतं. दुसऱ्यानं ते बघायचं आणि मागं सरायचं.

माझी गरज लागते ती मालक गेल्यावर. मशीन अचानक मरतं आणि त्याचं कुलूप तसंच राहतं. मग दुसऱ्या मशीनवर लाल अक्षरात येतं की फाईल कोणाच्या तरी ताब्यात आहे, काम सुरू होणार नाही. स्क्रीनवर फक्त ओळख दिसते, शेवटचा हात कधी लागला ते दिसत नाही; म्हणून मी ती ओळख वाचतो, तो मालक खरोखर गेला आहे का ते तपासतो, आणि मग कुलपाची फाईल पुसून टाकतो. पुसणं एका क्षणाचं असतं. वेळ लागतो तपासायला, आणि तेवढ्या वेळात खुर्चीमागं चार जण उभे राहून "झालं का?" विचारत असतात. त्या चौघांचा मला आयुष्यभर राग येत आला आहे. कारण चालू मशीनला मेलेलं समजून कुलूप काढलं, तर दोघं एकाच फाईलवर लिहीत सुटतात. दोघांनाही वाटतं की फाईल आपलीच आहे. ओरडत कोणीच नाही. स्क्रीनवर सगळं हिरवंगार दिसतं, आणि आतून सगळं संपत जातं.

आमची सर्व्हर रूम ऑफिसात नव्हती. पौडच्या अलीकडे एका जुन्या गोदामात होती, कारण तिथं भाडं कमी पडायचं. चारही मशीनं एका कपाटात एकावर एक ठेवलेली. कंपनीनं त्यांना लांबलचक आकडे दिले होते, ते कोणाच्या तोंडी बसले नाहीत. माझ्याआधी हे काम बघणारे गृहस्थ हौशी होते. त्यांनी खालून वर नावं ठेवली: नांदे, पौड, मुळशी, ताम्हिणी. आपण घाटाकडे निघालो की गावं लागतात त्याच क्रमानं. पुढे ते परदेशी निघून गेले आणि नावं आमच्याकडे राहिली. "नांदे तापलंय", "पौड रीस्टार्ट करा", असं आम्ही दिवसभर बोलायचो. पावसाळ्यात कोणी "मुळशी भरलं" म्हटलं की शेजारच्या टेबलावरचे लोक धरणाचं समजून खूश व्हायचे आणि आम्ही त्याच्यावरची कामं कुठं हलवायची या विवंचनेत असायचो.

आमच्या मजल्यावर चहापाणी बघणाऱ्या बाई ताम्हिणीच्याही वरच्या एका वस्तीवरच्या होत्या. ऑफिस त्यांना मावशी म्हणायचं. त्या वयानं माझ्याहून लहान, म्हणून मी ताई म्हणायचो, आणि त्या मला दादा. लग्न होऊन त्या खाली आल्या, नवरा बांधकामावर होता, आणि दोघं हिंजवडीतच एका खोलीत राहत. वस्तीवर त्यांची आई आणि दोन थोरल्या बहिणी. आईच्या बोलीतले कितीतरी शब्द खुद्द ताम्हिणीच्या लोकांनाही समजायचे नाहीत, असं त्या अभिमानानं सांगायच्या.

शहरातली एक संस्था अशा वस्त्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवत होती. तिचा सर्व्हर, म्हणजे तसलाच एक फाईलींतला संगणक, आमच्याकडे होता, ओळखीतून सवलतीनं ठेवलेला. संस्थेच्या बाई एकदा कामासाठी ऑफिसात आल्या. ताई चहा घेऊन गेल्या, आणि त्या बाईंनी कप हातात घ्यायच्या आधीच त्यांना ओळखलं. "अगं, तू त्या आजींची लेक ना? आम्ही तुमच्या अंगणात दोन दिवस बसलो होतो." ताईंनी सांगितलं की आई गेली. नुकतीच गेली होती. मग संस्थेच्या बाई म्हणाल्या, "त्यांचं सगळं बोलणं आहे गं आमच्याकडे. म्हणजे यांच्याच मशीनमध्ये आहे."

ताईंनी ट्रे माझ्या टेबलावर ठेवला आणि लॅपटॉपकडे बघत राहिल्या.

"ह्यात हाय आय?"

"यात नाही," मी म्हणालो. "पौडजवळ आमची मशीनं आहेत, तिथं. त्यातल्या एका मशीनचं नाव ताम्हिणी आहे. त्यात आहे."

"ताम्हिणीत?" त्या हसल्या. आई गेल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. "म्हंजी घरीच हाय की."

संस्थेच्या बाई तयारच होत्या. मी हेडफोन काढून दिला, म्हटलं, आत्ताच ऐका. ताईंनी हात मागं घेतला. "न्हाई दादा. वरीस होऊ द्या. थोरली म्हणती, वर्साच्या आत आवाज आयकला का जीव मागं वळून बघतो. जाऊ द्यावं त्याला. वर्साला आमी तिघी बहिणी संगंच आयकू." मला हे पटलं नाही. पण हेडफोन गुंडाळून ठेवला. त्यांच्याकडे आईचा फोटो एकच होता, आधार कार्डावरचा. "त्यात आय घाबरल्याली हाय," त्या म्हणाल्या. "आन ती घाबरणारी बाई नव्हती."

त्यानंतर चहा ठेवताना त्या मध्येच विचारायच्या, "आय बरी हाय का?" मी म्हणायचो, "बरी आहे." मी काही हळवा माणूस नाही. पण सकाळी ऑफिसात आल्यावर चारही मशीनांपैकी ताम्हिणीकडे मी आधी बघायला लागलो. बघून करायचं काहीच नसायचं. चालू आहे एवढं दिसायचं.

आषाढ लागला. वर्ष भरत आलं. त्याच सुमाराला ताम्हिणीचं, म्हणजे मशीनचं, बाहेरच्या जगाशी बोलणारं कार्ड रुसायला लागलं. मध्येच बंद पडे, मध्येच जागं होई. आम्ही त्यावरची सगळी कामं हळूहळू दुसरीकडे हलवली. संस्थेचं तेवढं राहिलं होतं, कारण त्यांनी जुनी रेकॉर्डिंग एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत बदलायला लावली होती. एकेक फाईल उघडायची, नव्यानं लिहायची, त्याच जागी ठेवायची, असं ते काम चाललं होतं. मध्ये तोडलं तर गोंधळ होईल, म्हणून ते संपायची वाट बघत होतो.

त्या दिवशी घाटात पाऊस धो धो कोसळत होता आणि खाली आमच्याकडे रस्त्यांवर पाणी साचलं होतं. कंपनीची कॅब हिंजवडीच्या अलीकडे अडकली ती अडकलीच. ड्रायव्हरनं इंजिन बंद करून डोळे मिटले. तेवढ्यात ऑफिसातून माझ्या सहकारी बाईंचा फोन आला. आमच्या दोघांचं काम एकच. ती माझ्याहून काही वर्षांनी लहान आणि माझ्याहून कितीतरी शांत. मी तापट म्हणून ओळखला जातो, ती कधीच घाई करत नाही म्हणून. माहेर पौडचं.

"ताम्हिणी उत्तर देत नाहीये," ती म्हणाली. "संस्थेचं मशीन मुळशीवर उचलायचा प्रयत्न केला, पण लॉक आहे. ताम्हिणीच्या नावानं." मागं मॅनेजरचा आवाज ऐकू येत होता. संस्थेचा त्या दुपारी कुठंतरी कार्यक्रम होता, त्यांना काही आवाज ऐकवायचे होते, आणि तो "झालं का? झालं का?" करत होता.

मी नेहमी सांगतो तेच सांगितलं. "आधी ताम्हिणी नक्की बंद आहे का ते विचारून घे. सर्व्हर रूमला फोन लाव. बंद असेल तरच लॉकला हात लाव." ती म्हणाली, लावते. तेवढ्यात रेंज गेली. ते वाक्य मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. त्यात चूक सापडत नाही. उद्या कोणी विचारलं तर मी तेच सांगीन.

सर्व्हर रूमला एक काका असायचे. जनरेटर आणि एसी बघणं एवढं त्यांचं काम. आम्ही फोनवर त्यांना कधी मशीनची नावं सांगत नसू. "सगळ्यात वरच्याचा दिवा बघा", "खालून दुसऱ्याची तार बघा", असं चालायचं. काका ताम्हिणीचेच. पाळी संपली की मोटारसायकलवर घाटाच्या दिशेनं घरी जायचे. त्या सकाळी ते निघाले होते आणि परत आले होते.

पुढचं बोलणं मला दोघांकडून वेगवेगळं ऐकायला मिळालं, आणि दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचाही फरक नव्हता.

"काका, ताम्हिणी चालू आहे का बंद?"

"बंद हाय मॅडम."

"नक्की ना?"

"व्हय. सकाळपास्नं बंद हाय. मी सोता बघून माघारी आलोय."

"बरं झालं तुम्ही बघितलंत. थँक्यू काका."

तिनं फोन ठेवला. घाई केली नाही. कुलपाच्या फाईलमधली ओळख पुन्हा एकदा वाचली, ती ताम्हिणीचीच आहे याची खात्री करून घेतली, आणि मग फाईल पुसली. संस्थेचं मशीन मुळशीवर सुरू झालं. स्क्रीन हिरवी झाली. मॅनेजर निघून गेला. तिनं मला मेसेज केला, "झालं." कॅबमध्ये मला इतकं बरं वाटलं की मी ड्रायव्हरशी पावसावर गप्पा मारायला लागलो.

मी ऑफिसात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. छत्री उघडून वाळत ठेवत होतो, तेवढ्यात संस्थेच्या बाईंचा फोन आला. कार्यक्रमात पहिले दोन आवाज नीट लागले, तिसऱ्याला नुसती खरखर येते आहे. मग त्या म्हणाल्या, चौथ्यालाही. मी बसलो आणि त्यांच्या डिस्ककडे बघितलं. फाईलींची नावं होती, वजनं होती, तारखा होत्या. पण लिहिण्याचा वेग दुप्पट दिसत होता. मी कोठाराची नोंद उघडली. त्या एका डिस्कवर दोन हात लिहीत होते. एक मुळशीचा. दुसऱ्याची ओळख मी वाचली, पुन्हा वाचली.

ताम्हिणी चालू होती. तिची बाहेर बोलायची तार तेवढी तुटली होती. कोठाराकडे जाणारी तार शाबूत होती, आणि ती आपलं नेमून दिलेलं काम इमानानं करत होती. एकेक रेकॉर्डिंग उघडायची, नव्यानं लिहायची. मुळशीवर उठलेल्या जुळ्या मशीननंही तेच काम पहिल्यापासून हाती घेतलं होतं. दुपारभर दोघं एकमेकांच्या ओळींवर लिहीत होते.

मी दोन्ही बंद पाडली. आणि स्पीकर चालू करून सर्व्हर रूमला फोन लावला.

"काका, सगळ्यात वरच्या मशीनचा दिवा लागतोय का?"

"आत्ताच गेला बघा. मगापतूर हिरवा लुकलुकत हुता."

"मग मॅडमना बंद आहे म्हणून कसं सांगितलंत?" माझा आवाज चढला होता.

"मशीनचं कुटं इचारलं त्यांनी?" काका गोंधळले. "ताम्हिणीचं इचारलं. ताम्हिणी बंदच हाय की सायेब. दरड आलीया रस्त्यावर. मी सकाळी निघालो हुतो घरला, बघितलं आन माघारी आलो. मॅडमनी आपुलकीनं इचारलं म्हनून बरं वाटलं मला. हितं कोन इचारतंय, घरी जाता येतंय का न्हाई ते."

सहकारी माझ्या खुर्चीशेजारी उभी होती, ती हळूच खाली बसली. फोन तसाच चालू होता आणि काका पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होते. शेवटी तीच म्हणाली, "काका, तुमचं बरोबर आहे. जेवलात का?" आणि फोन बंद केला.

"मी पौडची आहे रे," ती मला म्हणाली. "लहानपणापासून घाट बंद झाला की आमच्याकडे हेच म्हणतात. ताम्हिणी बंद आहे. शाळेत असताना मी स्वतः म्हटलंय. आणि मला रस्ता आठवलाच नाही. मला फक्त मशीन आठवलं."

आम्ही डिस्कची एक प्रत बाजूला काढून घेतली आणि तिच्यावर काम करायला लागलो. बॅकअप नव्हता. सवलतीच्या कामाला बॅकअप द्यायचा नाही असं वर ठरलं होतं, आणि मी त्यावर भांडून हरलो होतो. संस्थेनं रेकॉर्डरमधली कार्डं पुढच्या वस्तीसाठी केव्हाच पुसून वापरली होती. तुटक्या फाईली जोडणं हे फार कंटाळवाणं काम आहे. तुकडा उचलायचा, तो कुठला ते ओळखायचा प्रयत्न करायचा, ऐकायचा, बाजूला ठेवायचा. इतर वस्त्यांवरचं पुष्कळसं परत मिळालं. ज्या फोल्डरवर त्या दुपारी काम चालू होतं ते गेलं, आणि आजींचं बोलणं त्याच फोल्डरमध्ये होतं. त्यांच्या फाईली उघडायच्या. लांबी बरोबर दिसायची. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी एकच खरखर यायची. मी त्या सगळ्या शेवटपर्यंत ऐकल्या. मध्ये कुठंतरी एखादा शब्द निघेल असं वाटायचं.

मॅनेजरनं अहवालात "मानवी चूक" असं लिहिलं. मी त्याच्याशी इतका भांडलो की मजल्यावरचे लोक माना उंच करून बघायला लागले. कोणत्या मानवाची, ते सांग, असं मी म्हणत होतो. तिनं विचारलं ते बरोबर, काकांनी सांगितलं ते बरोबर. त्यानं "दुसरा शब्द नाही आपल्याकडे" म्हणून अहवाल पुढं पाठवला. आठवडा संपायच्या आत मशीनांवर आकड्यांच्या चिठ्ठ्या लागल्या. माझी सहकारी त्या दिवसांत जेवणाचा डबा उघडून तसाच मिटून ठेवायची.

या सगळ्यात मी ताईंचा चहा चुकवत होतो. ट्रे येताना दिसला की मी उठून हात धुवायला जायचो. त्या मला शोधून विचारणार, आणि मी पुन्हा "बरी आहे" म्हणणार, याची मला भीती वाटत होती. शेवटी एका दुपारी आम्ही दोघं पॅन्ट्रीत गेलो. मीच सांगितलं. सर्व्हर, कुलूप, तार, असलं काही न घालता सांगितलं. दोन मशीनं एकाच वेळी चालली, आणि आईचा आवाज पुसला गेला.

ताई कप विसळत होत्या. त्यांनी नळ बंद केला.

"समदा?"

"सगळा," मी म्हणालो.

"माझ्या हातून झालं," सहकारी म्हणाली. "मला ताम्हिणी बंद आहे असं वाटलं."

"मग बंदच हुती की," ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना. "दरड आली त्याच दिवशी मी निघाले हुते. दुसऱ्या दिशी वरीस हुतं आयचं. यष्टी फिरली माघारी. बहिनींनी केलं तितं, आन मी हितं चहा केला." त्यांनी विसळलेला कप उपडा घातला. "तुमी म्हनला हुता दादा, आत्ताच आयका. मीच न्हाई म्हनलं." मग त्यांनी पुन्हा नळ सोडला.

दोन-तीन दिवसांनी संस्थेच्या बाईंचा फोन आला. त्यांना एक गोष्ट आठवली होती. आजींचं बोलणं घेताना दोन माईक होते. एक आजींच्या पदराला, दुसरा या बाईंच्या स्वतःच्या ओढणीला, प्रश्न नीट ऐकू यावेत म्हणून. प्रश्नांच्या फाईली वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलेल्या, कोणी कधी उघडत नसे. मी शोधलं. बऱ्याचशा गेल्या होत्या. एक होती, तीही पुढं तुटलेली.

मी ती आधी एकट्यानं ऐकायला घेतली आणि पहिल्या काही प्रश्नांनंतर थांबवली. संस्थेच्या बाई स्वच्छ आवाजात विचारतात, मग लांबलचक शांतता, मग पुढचा प्रश्न. शांततेत दूर कुठंतरी कोणी बोलतंय एवढंच जाणवत होतं. शब्द लागत नव्हता. हे ऐकवून काय साधणार, असं मला वाटलं. जखमेवर मीठच ते. पण ठरवायचा हक्क आपला नाही, असं सहकारी म्हणाली, आणि ते मला मान्य करावं लागलं. आम्ही ताईंना विचारलं. त्यांनी हात पुसले आणि लगेच आल्या.

छोट्या मीटिंग रूममध्ये आम्ही तिघं बसलो. मी लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला. हेडफोन त्यांनी नको म्हटलं, स्पीकरला कान लावला.

"तुमचं माहेर कुठलं?" संस्थेच्या बाईंनी विचारलं. शांतता. एक कोंबडी ओरडली. "लग्नात किती वर्षांच्या होतात?" शांतता.

"बोलतीया," ताई डोळे मिटून म्हणाल्या. "बोलतीया, पन आयकू येईना."

सहकारीनं आवाज वाढवला. कोंबडी वाढली, वारा वाढला. बोलणं होतं तिथंच राहिलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा ती पोकळी. ताई स्पीकरला इतक्या चिकटल्या होत्या की त्यांचं कपाळ लॅपटॉपला टेकलं होतं. आता पुरे करावं, असं मला वाटलं. माझा हात बंद करायच्या बटणापाशी गेला.

"आणि मुली लांब रानात असल्या तर त्यांना कशा बोलवायचात?" संस्थेच्या बाईंनी विचारलं. "एकदा हाक मारून दाखवता का?"

कोणीतरी हसलं. घोंगडी झटकल्यासारखी सळसळ झाली. म्हातारं माणूस जमिनीवरून उठताना करतं तसला एक हुंकार आला. मग शांतता. आणि मग ती हाक आली. ओढणीचा माईक जाऊ दे, समोरच्या डोंगरावरच्या माईकलाही ऐकू गेली असती, एवढी मोठी. स्पीकर फाटल्यासारखा कर्कश झाला. ऑफिसात कोणालाच ठाऊक नसलेलं, ताईंचं लहानपणचं नाव होतं ते. शेवटचं अक्षर आजींनी उचलून लांबवर नेलं होतं.

ताई ताडकन उठल्या. खुर्ची मागं सरकून भिंतीवर आदळली.

"ओऽऽ, आले गं आये!" त्या ओरडल्या, आणि दाराकडे निघाल्या.

काचेचं दार त्यांच्या हाताला लागलं तेव्हा त्या थांबल्या. आमच्याकडे पाठ होती. रेकॉर्डिंग तेवढंच होतं, पुढं काही नव्हतं. तरी मी ते बंद केलं नाही.